बिनपाटीचं दुकान आणि बीटलचं इंजिन : उद्यमनगरातल्या मशिनिंगचा अनुभव

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका दुकानातून मी माझ्या बीटल गाडीच्या इंजिनाचं मशिनिंग करून घेतलं, त्याचं हे परीक्षण. निकाल आधी सांगून टाकतो. मोजमापाला पैकीच्या पैकी, मशीनवरच्या कामाला जवळपास तेवढेच, वायद्याला काठावर पास आणि धुलाईला सपशेल नापास. आयटीआयमध्ये जोडारी (फिटरचं काम) शिकवण्यात सगळी नोकरी सरली, त्यामुळे गुण दिल्याशिवाय राहवत नाही. आता सविस्तर.

गाडी १९७२ ची फोक्सवॅगन बीटल. मुंबईतल्या कुठल्याशा वकिलातीत आलेली, पुढे एसटीसी (स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन) या सरकारी कंपनीमार्फत विकली गेलेली आणि मालक बदलत बदलत सांगलीला माझ्या दारात उभी राहिलेली. इंजिन मागे. चार सिलिंडर आडवे, दोन या अंगाला, दोन त्या अंगाला, १५८४ सीसी, हवेवर थंड होणारं. रेडिएटर नाही, वॉटर पंप नाही, होज पाइप नाहीत. पूर्ण गरम झाल्यावर आयडलिंगला तेलाच्या प्रेशरचा इशारा देणारा दिवा मिणमिणायला लागला आणि सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागला, तेव्हा इंजिन घरीच बांधायचं ठरवलं.

हे इंजिन घरी उतरवणं दिसतं तेवढं अवघड नाही. गिअरबॉक्सला ते चारच ठिकाणी धरलेलं असतं. पेट्रोलची नळी, ॲक्सिलरेटरची केबल, हीटरच्या केबल आणि वायरी सोडवल्या, गाडी मागून चांगली उचलली, खाली ट्रॉली जॅक लावला की एकशेदहा किलोंच्या आसपासचा ऐवज मागे सरकून खाली बसतो. ट्रॅक्टरचा जुना टायर आडवा टाकून त्यावर ठेवलं. कलंडत नाही, घरंगळत नाही. महागड्या स्टँडची गरज नाही.

खोलणं, धुणं, मांडणं, बांधणं हे सगळं घरी होतं. घरी होत नाहीत त्या तीनच गोष्टी: क्रँककेसचं (इंजिनाच्या मुख्य कवचाचं) लाइन बोरिंग, म्हणजे आतली बेअरिंगची घरं एका रेषेत नव्या मापाला कापणं; हेडमधल्या व्हॉल्व्हच्या गाइड-सीट; आणि क्रँकचं (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं) पॉलिश. या तिन्हीसाठी मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेलो. यंत्रकामात नाव काढलेल्या म्हादबा मेस्त्रींच्या कोल्हापुरात लेथवाले कमी नाहीत, गल्ल्याच्या गल्ल्या आहेत. पण बहुतेकांनी केस हातात घेतली, उलटी-सुलटी केली आणि मोजायच्या आधी दर सांगितला. मोजमाप न करता दर सांगणारा माणूस माझ्या यादीतून तिथल्या तिथे बाद होतो. शेवटी माझा एक जुना विद्यार्थी मिलिंगला असलेल्या दुकानात पोचलो. दुकानाला पाटी नाही. मालकांना सगळे मामाच म्हणतात. नाव छापू नका असं त्यांनीच बजावलं आहे, कारण ‘आहे तेवढं काम उरकंना’.

मामांनी केसचे दोन्ही भाग घेतले आणि पहिला प्रश्न विचारला, “सर, टॉर्क किती ह्येचा?”

इथेच मी निम्मे गुण देऊन टाकले. टॉर्क म्हणजे नट किती जोराने आवळायचा ते माप, मीटर-किलोत. बीटलची क्रँककेस उभी चिरल्यासारखी दोन भागांत असते आणि मेन बेअरिंगची घरं दोन्ही भागांत अर्धी अर्धी असतात. नट कसेही आवळून आत गेज घातलं तर जे माप येतं त्याला काही अर्थ नाही. मोठे सहा नट साडेतीन मीटर-किलोला, बारके आठ एमएमचे दोनला. मामांनी बेअरिंग न घालता केस जोडली, मधल्या नटांपासून बाहेर जात दोन फेऱ्यांत आवळली आणि मग बोअर गेज हातात घेतलं. गेज आधी रिंगवर शून्य केलं, हेही मी पाहिलं. घराचं मूळ माप ६५ एमएम. दोन बाजूच्या घरांत दोन-तीन शतांश (शतांश म्हणजे एमएमचा शंभरावा भाग) जास्त, आणि मधल्या घरात एका दिशेला तब्बल नऊ. म्हणजे मधलं बेअरिंग आत डुलत होतं आणि तेलाचं प्रेशर तिथून पळत होतं. दिव्याचं मिणमिणणं कुठून येत होतं ते त्या एका काट्यावर दिसलं.

मापं त्यांनी खडूने शटरवर लिहिली. त्यांची वही म्हणजे ते शटर. माझ्या केसच्या वर कुणाच्या तरी पंपाच्या शाफ्टची मापं होती आणि खाली एका लग्नाची तारीख. मी फोटो काढून घेतला, कारण दुसऱ्या दिवशी तिथे काय असेल याची खात्री नव्हती. एवढ्या काटेकोर माणसाने कागदावर तपासणी-पत्रक देऊ नये, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

मग त्यांनी मला परत पाठवलं. म्हणाले, “बेअरिंग आधी आणा. हातात बेअरिंग दिल्याशिवाय मी भोक मारत न्हाई. आधी मारलं आन बेअरिंग मिळालं न्हाई तर केस तुमच्या गळ्यात.” अगदी बरोबर आहे. लाइन बोरिंग केलं की घर ६५.५ चं होतं आणि त्याला बाहेरून अर्धा एमएम मोठं, आतून मात्र आपल्या क्रँकच्या मापाचं बेअरिंग लागतं. म्हणजे बाहेरचं माप, आतलं माप आणि थ्रस्टची, म्हणजे क्रँकची मागे-पुढे सरक अडवणाऱ्या बाजूची, रुंदी, तीन गोष्टी एका संचात जुळवायच्या. आपल्याकडे हे बेअरिंग कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मिळत नाही, परदेशातून मागवावं लागतं. मी पिस्टन-सिलिंडरचा ८५.५ चा संच, पॅकिंग संच आणि बेअरिंग एकाच पार्सलमध्ये मागवली. कस्टमची ड्युटी भरताना पोटात दुखलं, पण ते दुखणं मामांच्या खात्यावर नाही.

ज्यांनी मारुती, ॲम्बॅसॅडरची इंजिनं बांधली आहेत त्यांच्यासाठी एक खुलासा. तिथे ब्लॉकला बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन घालतात. इथे ब्लॉकच नाही. पंख्या-पंख्यांचे चार सुटे सिलिंडर असतात, आणि झिजले की पिस्टनसकट बदलायचे. त्यामुळे इथे बोअरिंगचं काम सिलिंडरला नाही, केसला. हे समजावून सांगण्यात इतर दुकानांत माझा बराच घसा सुकला होता. मामांना सांगावं लागलं नाही. उलट नवे सिलिंडरही त्यांनी मागून घेतले आणि पिस्टनशी मापून पाहिले. चारही ठिकाणी फट चार-पाच शतांशाची, म्हणजे चोख.

आता या लेखातलं सगळ्यात मजेशीर काम. ही केस ॲल्युमिनियमची नाही, मॅग्नेशियम मिश्रधातूची आहे, ॲल्युमिनियमपेक्षा साधारण एक तृतीयांशाने हलकी. मॅग्नेशियमचा बारीक भुसा पेट घेतो. पेटला की पाणी टाकायचं नाही, आग उलट भडकते. कोरडी वाळू टाकायची. मी हे सांगायला तोंड उघडलं, तर मामांनी मशीनखालची बादली पायाने पुढे सरकवली. वाळूने भरलेली. कूलंटचा नळही बंद करून ठेवलेला, कारण पाण्याचं कूलंट आणि हा भुसा एकत्र नको. पहिला हलका कट झाल्यावर त्यांनी चिमूटभर भुसा पत्र्याच्या तुकड्यावर घेतला, बाहेर रस्त्याच्या कडेला ठेवला आणि काडी लावली. क्षणभर काहीच नाही, मग असा पांढराफटक उजेड पडला की समोरच्या दुकानातला पोरगा वेल्डिंगची काच घेऊन धावत आला. नव्या कामगाराला समजावं म्हणून हे दर वेळी करून दाखवतात म्हणे. सुरक्षिततेचा तास असाच घ्यायला हवा. मी इतकी वर्षं तो फळ्यावर घेतला.

बोरिंग होरिझाँटल मशीनवर झालं, एकाच बारवर तिन्ही मोठी घरं, एकाच सेटिंगमध्ये. शेवटचा कट केसासारखा. निकाल ६५.५० वर, तिन्ही घरांत मिळून एका शतांशाचा फरक. मी माझं गेज नेलं होतं. त्यांना राग आला नाही. शेजारी उभं राहून माझं वाचन त्यांच्याशी ताडून पाहत होते.

क्रँकबद्दल मी सरळ सांगितलं होतं की पाव एमएमने ग्राइंड करून टाका. त्यांनी जर्नलला, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाला, मायक्रोमीटर लावला आणि म्हणाले, “ह्येला ग्राइंडिंग कशाला पायजे वो? पंचावन्नचा जर्नल हाय, झीज दोन शतांशाच्या आत. पॉलिश मारतो.” ग्राइंडिंगचे पैसे जास्त मिळाले असते, आणि मी द्यायला तयार होतो. केसवरची थ्रस्टची बाजूही त्यांनी छिलली नाही, कारण झिजली नव्हती. फ्लायव्हीलला (क्रँकच्या टोकाच्या जड चाकाला) हात लावला नाही, कारण गरज नव्हती. गिऱ्हाईक पैसे घेऊन दारात उभं असताना ‘नको’ म्हणणारा कारागीर ही या दुकानाची खरी ओळख आहे, आणि मी हे परीक्षण लिहितोय ते त्यासाठीच.

हेड बांधणारे स्टड हा या केसचा जुना आजार. मॅग्नेशियम मऊ, त्यात दहा एमएमचे स्टड. वर्षानुवर्षं तापून-निवून आटे उपसून येतात आणि हेड ढिलं पडतं. त्यावर उपाय म्हणजे बाहेरून चौदाचा आणि आतून दहाचा आटा असलेले पोलादी बूश. हे तयार मिळतात, पण मामांनी लेथवर स्वतः काढले, सोळाच्या सोळा. भोकांना आटे पाडताना टॅप हाताने, दर अर्ध्या फेऱ्याला मागे घेत. मी प्रत्येक बुशात स्टड हाताने फिरवून पाहिला. एकही तिरका नाही.

हेडचं काम चांगलं, थोर नाही. आठही गाइड नव्या, सीट ४५ अंशाला. क्रमांक तीनच्या एक्झॉस्टची गाइड अंड्याच्या आकाराची झाली होती. या इंजिनात तीन नंबर नेहमीच जास्त सोसतो. जुन्या मॉडेलांत तेलाचा कूलर पंख्याच्या घरातच, तीन नंबरच्या वाटेत उभा असायचा आणि त्या सिलिंडरला गरम झालेली हवा मिळायची. १९७१ पासून कूलर बाजूला वेगळ्या पत्र्याच्या खोक्यात गेला आणि त्याची गरम हवा परस्पर बाहेर जाऊ लागली. माझ्या गाडीत कूलर बाजूलाच होता, पण हवा बाहेर नेणारा पत्रा कुणीतरी काढून टाकलेला. म्हणजे सुधारणा कंपनीने केली आणि कुठल्याशा गॅरेजने ती परत घेतली. तो पत्रा मी सांगलीत जीआय शीटचा करून घेतला. हवेवरच्या इंजिनाला पत्रे ही शोभा नसते. प्रत्येक पत्रा, प्रत्येक रबर पट्टी जागेवर हवी, नाहीतर खालची तापलेली हवा पुन्हा पंख्यात जाते आणि तीच तीच हवा फिरत राहते.

हेड घरी आणून उलटं ठेवलं, प्लग लावले आणि चेंबरमध्ये पेट्रोल ओतलं. सात सीट कोरड्या. एका इनटेकमधून पाझर. लॅपिंग पेस्टने मी घरीच बसवली, बंद झाली. हे दुकानातच दिसायला हवं होतं, म्हणून थोर नाही म्हणालो.

आणि आता धुलाई. केस परत मिळाली तेव्हा बाहेरून लखलखीत. तेलाच्या वाटांवर जी बुचं ठोकलेली असतात ती काढून आत साफ करायला मी सांगितलं होतं. मामा म्हणाले, हवा मारली आहे. घरी बुचं ड्रिलने काढली, पातळ ब्रश घातला, तर पांढरा भुसा निघाला. थोडा नाही, चांगला नखभर. हा भुसा पहिल्याच स्टार्टला नव्या बेअरिंगमध्ये गेला असता आणि एका शतांशाची ती सगळी कारागिरी मातीत गेली असती. मी फोनवर बोललो. त्यांनी वाद घातला नाही, ‘चुकलं, सर’ एवढंच म्हणाले. तरीही गुण कापले ते कापलेच. तुम्ही कुठल्याही दुकानात केस द्या, बुचं काढून, आटे पाडून, स्क्रूची नवी बुचं लावायला सांगा आणि धुलाई स्वतः करा. तीन पाण्यांनी, मग डिझेलने, मग पुन्हा हवेने.

वायद्याचं काय सांगायचं. ‘शनिवारी या’ या वाक्यातला शनिवार कोणता, हे विचारायची पद्धत तिथे नाही.

बिल असं: लाइन बोरिंग ८,५०० रुपये, सोळा बूश बसवून ४,०००, दोन्ही हेड ७,०००, क्रँक पॉलिश ९००. एकूण २०,४००. कामाच्या मानाने मला हे वाजवी वाटलं. कनेक्टिंग रॉडची वजनं जुळवायला त्यांच्याकडे बारीक काटा नव्हता. त्यांनी मला गुजरीत ओळखीच्या सराफाकडे पाठवलं. चार रॉड सोन्याच्या काट्यावर ठेवताना सराफाने खाली कापड अंथरलं, ते रॉडसाठी होतं की काट्यासाठी कळलं नाही. सगळ्यांत जड आणि हलक्यात सहा ग्रॅमचा फरक होता. चालण्यासारखा होता, तरी कानशीने काढला.

बांधणीबद्दल थोडक्यात, कारण दुकानाचं काम खरं कळतं ते तिथेच. क्रँकच्या गिअरवर दोन ठिपके असतात, कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) गिअरवर एक; तो एक त्या दोघांच्या मध्ये बसला की टायमिंग झालं. केसच्या दोन भागांत पॅकिंग नसतं, फक्त सीलंटचा पातळ हात. केस जोडून आवळली आणि क्रँक दोन बोटांनी फिरवली. कुठेही न अडकता, एकसारखी. लाइन बोरिंगची परीक्षा ती. पुशरॉडच्या नळ्या बसवण्याआधी ओढून साधारण १९० एमएमपर्यंत लांब कराव्या लागतात, म्हणजे हेड आवळताना त्यांच्या वळ्या दबून सील धरतात. सिलिंडर आणि हेडमध्ये पॅकिंग नाही, धातूवर धातू. हेडचे नट ३.२ मीटर-किलो, सांगितलेल्या क्रमानेच.

फ्लायव्हीलचा मधला नट मात्र तीस मीटर-किलोला आवळायचा असतो. एवढा मोठा टॉर्क पाना घरात कुणाकडे असतो? यावरची मामांची युक्ती मला इतकी आवडली की इथे देतोय. ३६ चा सॉकेट, त्याला जाड दांडा, दांड्यावर पाइप. मध्यापासून साठ सेंटीमीटरवर खूण करायची, पाइप आडवा धरायचा आणि खुणेवर पन्नास किलोचं सिमेंटचं पोतं टांगायचं. पन्नास गुणिले शून्य पूर्णांक सहा, झाले तीस. फ्लायव्हीलला लोखंडी अँगल बोल्ट करून त्याचं दुसरं टोक जमिनीला टेकवलं की तो फिरत नाही. पाइपाचं स्वतःचं वजन धरून मी खूण तीन सेंटीमीटर आत घेतली. पोतं हळूहळू खाली गेलं, थांबलं, काम झालं. माझ्या विद्यार्थ्यांना टॉर्कची व्याख्या पाठ होती; त्यांना हे पोतं दाखवायला हवं होतं.

त्याआधी क्रँकचा एंड प्ले, म्हणजे मागे-पुढे सरकायचा खेळ. फ्लायव्हीलमागे तीन शिम (पातळ चकत्या) बसतात. आधी दोनच घालून डायल गेजवर खेळ मोजायचा, त्यातून हवा तेवढा खेळ वजा करायचा, उरलेली जाडी तिसऱ्या शिमची. पुस्तकातली मर्यादा ०.०७ ते ०.१३ एमएम. माझा ०.१० वर बसला. थ्रस्टची बाजू छिलायला नको म्हणणारे मामा इथे पुन्हा बरोबर ठरले.

तेल अडीच लिटर, टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट थंड इंजिनावर ०.१५ एमएम. प्लग न लावता स्टार्टर मारत राहिलो, तेलाचा दिवा विझला, मग प्लग लावले. चालू झाल्यावर आयडलिंगला सोडलं नाही. नव्या कॅमसाठी पहिली वीस मिनिटं मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवलं. पाचशे किलोमीटरला तेल बदललं आणि टॅपेट पुन्हा पाहिले. नंतर जोतिबाचा डोंगर चढवला, अंबा घाट चढवला. वर पोचून आयडलिंगला सोडलं तरी दिवा विझलेलाच. धूर नाही. एका हेडच्या नळीजवळ तेलाची किंचित ओल आहे, पण बीटलखाली अगदी कोरडी फरशी मी अजून कुणाकडे पाहिलेली नाही.

जाणार असाल तर: सोमवारी बंद. यूपीआय चालतं, पक्कं बिल मागितलं तर मिळतं, न मागितलं तर शटरच. मापांचा फोटो काढा. आपले नट-बोल्ट केससोबत देऊ नका, मिसळतात. आणि साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू व्हायच्या आधीचे दोन महिने तिकडे फिरकूच नका. ट्रॅक्टरचे ब्लॉक दारापर्यंत रचलेले असतात आणि मामा मान वर करत नाहीत. पाऊस पडायला लागला की जा.